लहान करताना काय लहान होतं?

गाडीची प्रतिकृती करायला बसलेला माणूस सगळ्यात आधी एक आकडा ठरवतो. एकास दहा, एकास बारा, एकास चोवीस. आकडा ठरला की मूळ गाडीची मापं त्याने भागायची, कागदावर मांडायची आणि कापायला घ्यायचं. हे बरोबरच आहे, पण तो आकडा फक्त लांबीला लागू पडतो. वजनाला दुसरा आकडा लागतो, ताकदीला तिसरा, वाऱ्याला आणखी वेगळा. सगळं एकाच पटीत लहान होईल अशी प्रतिकृती करताच येत नाही. म्हणून 'किती पट लहान' याच्या आधी 'ही प्रतिकृती मला काय सांगणार आहे' हे ठरवावं लागतं. एवढी एकच गोष्ट इथे नीट उलगडून सांगायची आहे. त्यासाठी गाडी घेऊ सुट्या भागांतून घरी जोडायची स्पोर्ट्स कार, आणि गाव घेऊ परंडा तालुक्यातलं सोनारी.

सोनारी म्हणजे काळभैरवनाथाचं गाव. चैत्रात यात्रा भरते, रथ निघतो, देवळाच्या आवारात वानरांचा राबता असतो. स्पोर्ट्स कारचा आणि या गावाचा वरवर काही संबंध दिसत नाही. पण त्या गाडीच्या सांगाड्याची उत्तम प्रतिकृती ज्या वस्तूची होते, ती वस्तू या भागात प्रत्येक गोठ्याशेजारी रचून ठेवलेली असते. तिच्याकडे येऊच. आधी गाडी पाहू.

किट कार म्हणजे कारखान्यातून तयार होऊन न येणारी गाडी. कंपनी किंवा एखादा छोटा कारखाना सांगाडा, पत्रे, चाकांचे हात असं सामान देतो. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा आस हे बहुतेक वेळा एखाद्या जुन्या गाडीतून काढून घ्यायचं आणि सगळं घरी जोडायचं. यातलं सर्वांत गाजलेलं नाव ब्रिटनच्या लोटस सेव्हनचं. कॉलिन चॅपमनने ती १९५७ साली आणली. त्याआधी १९५२ मध्ये त्याची मार्क सिक्स ही गाडी आली होती, तीही सुट्या भागांत मिळायची. ब्रिटनमध्ये तेव्हा तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांच्या संचावर नव्हता, त्यामुळे हौशी माणसाला अशी गाडी परवडायची. १९७३ मध्ये त्या कराच्या जागी मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत गेली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅमने घेतले आणि गाडी त्या नावाने पुढे चालू राहिली. १९९६ साली रॉन चॅम्पियनचं पुस्तक आलं. अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा, असं त्याच्या नावातच होतं. त्यात सेव्हनच्या धर्तीचा सांगाडा एक इंची चौकोनी पाइप कापून, वेल्डिंग करून कसा उभा करायचा हे मापांसकट दिलं होतं. ज्याला पाइप कापता येतो आणि वेल्डिंग येतं, त्याला गाडी बांधता येते, हा भरवसा त्या पुस्तकाने हजारो लोकांना दिला.

चॅपमनबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याचं शिक्षण बांधकामाच्या अभियांत्रिकीचं, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात झालेलं. पूल आणि छपराच्या कैच्या ज्या हिशोबाने उभ्या राहतात, तोच हिशोब त्याने गाडीला लावला. त्याची गाडी हलकी होती ती पाइप बारीक होते म्हणून नाही. पाइप कुठे असावा आणि कुठे नसला तरी चालेल हे त्याला कळत होतं.

आपल्याकडे अशी गाडी घरी बांधून रस्त्यावर आणणं जवळपास अशक्य आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२६ प्रमाणे गाडीच्या नमुन्याची पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून चाचणी व्हावी लागते, आणि ते एकट्या माणसाच्या आवाक्यातलं काम नाही. नोंदणी झालेली गाडी मूळ रचनेपासून बदलता येणार नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावातल्या, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावातल्या, एका लोहार कारागिराने भंगारातून जीपसारखी चारचाकी उभी केली. दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी ती गाडी २०२१ च्या डिसेंबरात देशभर पाहिली गेली. नियमात बसत नाही म्हणून ती रस्त्यावर चालणं कठीण होतं. महिंद्रा कंपनीने ती ठेवून घेतली आणि बदल्यात त्या कुटुंबाला नवी बोलेरो दिली. कारागिरीची कदर झाली याचा आनंद आहे. पण प्रत्येक कारागिराच्या वाट्याला हे येत नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना २०११ पासून सुप्रा एसएई इंडिया या स्पर्धेत स्वतःची छोटी रेसिंग गाडी बांधून बंद ट्रॅकवर पळवता येते. बाकीच्यांना उरते ती प्रतिकृती. ती गंभीरपणे केली तर तिच्यातून खरी विद्या मिळते, अशी माझी खात्री आहे. मात्र त्यासाठी लहान करण्याचा हिशोब आधी समजून घ्यावा लागतो.

तो समजायला सोनारीच्या माणसाने फार लांब जायला नको. परंड्याचा किल्ला जवळच आहे. विजापूरला आज जी मुलुखमैदान तोफ दिसते, ती आधी या परंड्याच्या किल्ल्यात होती. १५४९ साली ती अहमदनगरला ओतली गेली आणि १६३२ मध्ये परंड्याहून विजापूरला नेली गेली. लांबी साधारण साडेचार मीटर, व्यास दीड मीटर, वजन सुमारे ५५ टन. आता हिची एकास दहा प्रतिकृती करायची, त्याच मिश्रधातूची, आतून तशीच पोकळ. लांबी होईल ४५ सेंटीमीटर आणि व्यास १५ सेंटीमीटर. अंगणात एका कोपऱ्यात मावेल इतकी. वजन किती होईल? चटकन सुचणारं उत्तर साडेपाच टन, कारण दहाने भागलं. पण लांबी दहापट कमी झाली तशी रुंदीही झाली आणि उंचीही झाली. दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे वजन हजारपट कमी. ५५ टनांचे ५५ किलो. सिमेंटच्या पोत्यापेक्षा थोडं जास्त. जी तोफ परंड्याहून हलवायला सरंजाम लागला असेल, तिची दहापट लहान प्रतिकृती एक धडधाकट माणूस एकट्याने उचलून ओसरीवर ठेवू शकतो.

म्हणजे लांबी दहापट कमी होते तेव्हा पृष्ठभाग शंभरपट कमी होतो आणि वजन हजारपट. या तीन वेगवेगळ्या घसरणी आहेत. १६३८ साली आलेल्या ग्रंथात गॅलिलिओने हेच मांडलं होतं. त्याने हाडाचं उदाहरण घेतलं. प्राणी मोठा करायचा तर हाड नुसतं त्याच प्रमाणात लांब-रुंद करून भागत नाही, ते प्रमाणाबाहेर जाड करावं लागतं. कारण हाडाची ताकद त्याच्या आडव्या छेदावर ठरते, आणि त्याला पेलायचं वजन घनफळाने वाढतं. छोटं कुत्रं आपल्यासारखी दोन-तीन कुत्री पाठीवर पेलू शकेल, घोड्याला मात्र आपल्याएवढा एक घोडासुद्धा पेलणार नाही, असं त्याने लिहिलं. लहान वस्तू आपल्या वजनाच्या मानाने नेहमीच दणकट असते. प्रतिकृती करणाऱ्याची पहिली फसवणूक इथेच होते.

आता हा हिशोब गाडीला लावू. सेव्हनचं पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंतचं अंतर २२३५ मिलिमीटर. एकास दहा केलं की २२३ मिलिमीटर, वीतभर. गाडीचं वजन अर्ध्या टनाच्या आसपास, म्हणजे प्रतिकृती त्याच धातूंची केली तर अर्धा किलो. पंचवीस मिलिमीटरचा चौकोनी पाइप अडीच मिलिमीटरचा होईल. पाइपाची भिंत मूळ गाडीत १.६ मिलिमीटर, ती होईल ०.१६. एवढा पातळ पोलादी पाइप मिळणार नाही आणि मिळाला तरी वेल्डिंगची ज्योत लावताच जळून जाईल. पण समजू या की कुणीतरी केला.

स्पोर्ट्स कारच्या सांगाड्याचं सर्वांत मोठं काम पीळ सोसणं. पुढचं डावं चाक खड्ड्यात गेलं आणि उजवं उंचवट्यावर चढलं की गाडीची पुढची बाजू एकीकडे झुकू पाहते, मागची आपल्या जागी राहू पाहते. अशा वेळी स्प्रिंगांनी दबायचं आणि सांगाड्याने ताठ राहायचं, अशी वाटणी असते. सांगाडाच पिळला तर तोच एक स्प्रिंग होऊन बसतो. मग चाकं कोणत्या कोनात ठेवायची, स्प्रिंग किती कडक ठेवायची, हे कितीही काळजीने बसवलं तरी टिकत नाही. वळणावर गाडी कशी वागेल याचा भरवसा राहत नाही. म्हणून सांगाडा पिळायला किती कडक आहे, हाच त्याच्या चांगुलपणाचा मुख्य निकष.

प्रतिकृतीत हा पीळ किती दिसेल? पिळणारा जोर म्हणजे वजन गुणिले अंतर. वजन हजारपट कमी, अंतर दहापट कमी, म्हणून पिळणारा जोर दहा हजारपट कमी. सांगाड्याचा विरोध, त्याच आकाराचा आणि त्याच धातूचा असेल तर, हजारपट कमी. दोन्हींचा मेळ घातला तर लहान सांगाडा मोठ्याच्या एक दशांश पिळतो. खऱ्या गाडीत जो सांगाडा एक अंश पिळून चालवणाऱ्याला सतावेल, तोच प्रतिकृतीत अंशाचा दहावा भाग हलेल. तेवढं डोळ्याला दिसत नाही आणि बोटांना जाणवतही नाही. म्हणून तयार झालेली छोटी चौकट हातात घेऊन 'काय कडक झालीय' असं म्हणण्यात काही अर्थ नाही. ती लहान आहे म्हणून कडक लागते.

मग प्रतिकृतीचा उपयोग काय? माझ्या मते सगळं इथे फिरतं. प्रतिकृतीची तुलना खऱ्या गाडीशी करायची नाही, दुसऱ्या प्रतिकृतीशी करायची. दोन चौकटी सारख्याच मापाच्या, सारख्याच सामानाच्या करायच्या, फक्त एका दांड्याचा फरक ठेवायचा. दोन्हींना सारखाच जोर लावायचा. तो दांडा नसलेली चौकट दुसरीच्या तिप्पट पिळली तर त्या एका दांड्याने मोठ्या चौकटीतही साधारण तेवढंच काम केलं असणार. लहानपणामुळे आलेली फसवणूक दोन्हींत सारखीच असते, म्हणून तुलनेत ती वजा होऊन जाते. गाडी किती अंश पिळेल, ते वीतभर चौकट सांगू शकत नाही. तिरपा दांडा कुठे टाकला तर फायदा आणि कुठे टाकला तर नुसतं वजन, हे मात्र ती अगदी खरं सांगते. स्पोर्ट्स कारच्या सांगाड्याचे अभ्यासक बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या काड्यांच्या चौकटी हातांनी पिळून बघत ते याचसाठी.

बाल्सा आपल्याकडे शहरातल्या हौशी विमानांच्या दुकानात मिळतो. सोनारीत त्याची गरज नाही. इथे ज्वारीचं धाट आहे. रब्बीची मालदांडी फेब्रुवारी-मार्चमध्ये काढली जाते, कणसं मोडून कडबा वाळतो, पेंढ्या बांधून गंजी लागते आणि त्याच सुमारास चैत्राची यात्रा येते. ज्वारीच्या चिपाडाची बैलगाडी या भागातल्या मुलांनी पिढ्यान् पिढ्या केली आहे. धाटाचं एक लांब पेर घ्यायचं. वरची साल नखाने चिरून उभी ओढली की चकचकीत, पिवळसर, ताठ कामटी निघते. तिची कड ब्लेडसारखी असते, बोट सहज कापतं. आत राहतो तो पांढरा, हलका भेंड. भेंडाचा तुकडा म्हणजे सांधा आणि सालीची कामटी म्हणजे दांडा. कामटीचं टोक तिरपं कापून भेंडात खुपसलं की बसलं. जू, साटी, दांड्या, चाकं, सगळं असंच उभं राहतं, खिळा नाही आणि दोराही नाही. कामटी दोन-अडीच मिलिमीटर रुंद सोलली की एकास दहाच्या मापात ती बरोबर एक इंची पाइपाच्या जागी बसते.

या सांध्यात आणखी एक गुण आहे. वेल्डिंगचा सांधा स्वतःच थोडा कडक असतो. चार पाइपांचा चौकोन वेल्ड केला तर तिरपा दांडा नसतानाही तो बराच वेळ आकार धरून राहतो आणि रचनेतली चूक झाकतो. भेंडातला सांधा झाकत नाही. तिथे दांडा फिरू शकतो, त्यामुळे रचनेत काही कमी असेल तर चौकट लगेच लोळते. या एका बाबतीत ज्वारीची चौकट पोलादी चौकटीपेक्षा जास्त प्रामाणिक शिक्षक आहे.

चार कामट्यांचा चौकोन करा, बोटाने ढकला, तो समांतरभुज होऊन कलंडेल. एक कर्ण टाका, कलंडणं थांबेल. हे गावातल्या प्रत्येक फॅब्रिकेशनवाल्याला ठाऊक असतं. शेताच्या फाटकाला क्रॉस मारला नाही तर फाटक वर्षभरात लोंबून जमिनीला घासतं. पण गाडी सपाट फाटक नाही, ती पेटी आहे, आणि पेटीचा हिशोब जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६४ मध्ये एका साध्या सूत्रात मांडला. जागेत मोकळी उभी राहणारी चौकट ताठ व्हायची तर सांध्यांच्या तिपटीतून सहा वजा केल्यावर जितके येतात, तितके दांडे तरी हवेत. पेटीला आठ कोपरे. आठ त्रिक चोवीस, वजा सहा, अठरा. पेटीच्या कडा बारा. म्हणजे आणखी सहा दांडे लागतात, आणि पेटीच्या बाजूही सहाच. प्रत्येक बाजूला एक कर्ण. मात्र अठरा भरले म्हणून काम झालं असं नाही. एका बाजूवर दोन कर्ण घालून दुसरी मोकळी ठेवली तर बेरीज जुळते, चौकट मात्र हलतच राहते. दांडा असण्याइतकंच तो कुठे आहे यालाही महत्त्व आहे.

इथे गाडीची खरी अडचण समोर येते. पेटीच्या वरच्या बाजूला कर्ण टाकला तर माणूस बसणार कुठून? इंजिन वरून उतरवायचं कसं? सेव्हन उघडी गाडी आहे. तिची वरची बाजू मोकळीच ठेवावी लागते. पाच कर्ण झाले, सहावा टाकता येत नाही, म्हणजे अठराऐवजी सतरा. एक दांडा कमी पडला की चौकट एकाच तऱ्हेने हलू शकते, आणि ती तऱ्हा नेमकी पिळण्याची असते. हे हाताने बघायचं असेल तर पेढ्यांचा पुठ्ठ्याचा खोका घ्या. झाकण काढून दोन्ही टोकांना धरून पिळा, सहज पिळतो. झाकण चारही बाजूंनी चिकटवून पुन्हा पिळा. हातांना फरक कळेल. उघड्या स्पोर्ट्स कारच्या रचनेची सगळी झुंज या न येणाऱ्या सहाव्या कर्णाशी आहे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

सेव्हनने त्यातून काढलेली वाट पाहण्यासारखी आहे. चालक आणि शेजारचा यांच्या मधून इंजिनापासून मागच्या आसाकडे फिरता दांडा जातो, त्याला सामावणारा बोगदा असतोच. तो बोगदा पत्र्याने बंद केला की गाडीच्या पोटात एक लांब, बंद पेटी तयार होते, आणि बंद पेटी पिळायला कडक असते. तळाला पत्रा रिव्हेट करून बसवला की तळ एकसंध होतो. पुढच्या आणि मागच्या आडव्या भिंती चौकोनाला चौकोन ठेवतात. उरलेलं काम वेल्डिंगचे कडक सांधे करतात. काही बांधणारे इंजिनाच्या वर नट-बोल्टने काढता येणारा तिरपा दांडाही बसवतात. इंजिन काढायचं तेव्हा दांडा काढायचा, पुन्हा बसवायचा. १९६० च्या दुसऱ्या आवृत्तीत लोटसने खर्च कमी करायला काही पाइप वगळले. कोणता वगळला तर चालेल हे ठरवायला आधी कोणता काय करतो ते माहीत असावं लागतं.

पत्रा कर्णाचं काम करतो हेही ज्वारीच्या चौकटीवर बघता येतं, आणि इथे एक सुंदर योग जुळून येतो. एक मिलिमीटर जाडीचा पत्रा एकास दहाने लहान केला की ०.१ मिलिमीटर होतो, आणि वहीच्या साध्या कागदाची जाडी तेवढीच असते. चौकटीच्या तळातला कर्ण काढा, त्या जागी कागद ताणून चारही कडांना फेव्हिकॉलने चिकटवा, वाळू द्या आणि ढकला. चौकोन कलंडत नाही. कागद एका दिशेने दबला तर सुरकुततो, पण दुसऱ्या तिरप्या दिशेने ताणला जाऊन धरून ठेवतो. कडा नुसत्या चार कोपऱ्यांवर चिकटवल्या तर हा गुण बराच कमी होतो. पत्र्याला इंचा-इंचावर रिव्हेट का मारतात, याचं उत्तर एका कागदात मिळतं.

मोजायचं कसं, तेही सांगतो, कारण मोजल्याशिवाय तुलना होत नाही. चौकटीची मागची टोकं एका पाटावर घट्ट बसवायची. पुढच्या बाजूच्या मधोमध खाली पेन्सिल आडवी न ठेवता लांबीच्या दिशेने ठेवायची, म्हणजे पुढची बाजू तिच्यावर डावी-उजवीकडे झुलू शकेल. पुढच्या आडव्या कामटीला झाडूची एक लांब, सरळ काडी बांधायची, टोक मधल्या पेन्सिलीपासून तीस सेंटीमीटरवर येईल अशी. मग काडीच्या बाजूच्या पुढच्या कोपऱ्याला छोटं वजन टांगायचं. चौकट एक अंश पिळली तर काडीचं टोक पाच मिलिमीटर खाली जातं, तेवढं शाळेच्या पट्टीवर आरामात वाचता येतं. वजन काढलं की टोक मूळ जागी यायला हवं. आलं नाही तर सांधा सरकला आहे, ते माप टाकून द्यायचं. प्रत्येक चौकट एकाच पेंढीतल्या धाटांची करायची, कारण ओलं धाट आणि वाळलेलं धाट यांत फरक पडतो.

ही चौकट काय सांगत नाही, तेही तितकंच स्पष्ट असायला हवं. वेल्डिंग कुठे तडकेल, खड्ड्यांतून वर्षानुवर्षं धावल्यावर पोलाद कुठे थकेल, इंजिनाच्या कंपनाने कोणता पाइप गुणगुणू लागेल, अपघातात माणसाचे पाय वाचतील का, यातलं काहीही ज्वारीचं धाट सांगणार नाही. त्या प्रश्नांना दुसरी साधनं लागतात. विद्यार्थ्यांच्या स्पर्धांमध्ये पाइपाची किमान जाडी आणि बाजूने बसणाऱ्या धक्क्याची रचना नियमांत बांधून दिलेली असते, ती अशाच प्रश्नांसाठी.

आता जी प्रतिकृती फक्त दिसण्यासाठी करायची, तिचा हिशोब थोडक्यात. जपानच्या तामिया कंपनीने कॅटरहॅम सुपर सेव्हनचा एकास बाराचा प्लास्टिक संच काढला होता, आणि तो जगभरच्या हौशी लोकांनी जोडला. प्लास्टिकची भिंत एक मिलिमीटर जाड असेल तर ती खऱ्या गाडीत बारा मिलिमीटरचा पत्रा दाखवते. म्हणून चांगला कारागीर जिथे कड डोळ्याला दिसते तिथे ती आतून घासून पातळ करतो. बाकीची जाड राहिली तरी चालते, कारण तिथे कुणी बघत नाही. दिसणाऱ्या प्रतिकृतीत ही लबाडी नाही. तिचा प्रश्नच 'कशी दिसते' असा आहे. वाऱ्यासाठी प्रतिकृती करायची तर गोष्ट आणखी वेगळी. हवा लहान गाडीभोवती मोठ्या गाडीसारखीच वाहावी असं वाटत असेल तर वेग त्याच पटीत वाढवावा लागतो. ताशी ८० किलोमीटरच्या जागी एकास दहाच्या गाडीवर ताशी ८०० किलोमीटरचा वारा सोडावा लागेल, आणि त्या वेगाला हवा स्वतःच वेगळं वागू लागते. आकाराचा डौल पारखायचा तर मोटार कंपन्या एकास चारची मातीची प्रतिकृती करतात, आणि तेवढ्यावर विश्वास न ठेवता पुढे पूर्ण आकाराचीही करतात. टेबलावर देखणी दिसणारी रेघ रस्त्यावर माणसाच्या उंचीवरून पाहिली की जड वाटू शकते.

म्हणजे एकाच गाडीच्या तीन प्रतिकृती झाल्या. एकीला पातळ कडा हव्यात, एकीला वारा हवा, एकीला प्रामाणिक सांधे हवेत. तिन्ही एकीत घालायला गेलेला माणूस महिनोन्‌महिने राबतो, आणि हाती येतं ते दिसायला बरं पण काहीही न सांगणारं खेळणं. मी हे कळवळून लिहितो आहे, कारण आपल्याकडे हुशार हातांची वाण नाही. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलच्या देखण्या गाड्या मांडलेल्या असतात. त्यांच्यामागे किती रात्रींची मेहनत आहे ते दिसतं. त्या मुलाला कुणी फक्त एवढं विचारावं, 'ही करताना तुला काय कळलं?', तर पुढची गाडी वेगळी होईल.

सोनारीच्या, परंड्याच्या, भूमच्या, बार्शीच्या शाळांतल्या शिक्षकांना म्हणून एक विनंती आहे. यंदा कडबा वाळला की दोन पेंढ्या वर्गात आणा. मुलांना एकास दहाच्या दोन पेट्या करू द्या, एक सहाही कर्णांची, एक वर उघडी. काडीचं टोक दोन्हींत किती उतरतं ते फळ्यावर लिहा. मग त्यांना विचारा की माणूसही बसला पाहिजे, इंजिनही काढता आलं पाहिजे, तर सहाव्या कर्णाचं काम दुसरं कोण करेल. उत्तर सांगू नका. कामट्या, भेंड आणि कागद त्यांच्यापुढे ठेवा, आणि बोटं कापणार नाहीत एवढं मात्र बघा.